सहा बेस, दोन पापण्या आणि काकूचं मेण

माझ्याकडे आयशॅडोच्या खाली लावायचे एकूण सहा क्रीम बेस आहेत. सहा! आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जाणाऱ्या आणि त्यातले दोन दिवस केस नुसते क्लचरमध्ये कोंबून कॅब पकडणाऱ्या बाईकडे सहा बेस असणं म्हणजे एक खोलीच्या फ्लॅटमध्ये सहा राउटर असल्यासारखं आहे. पण मेकअपच्या वस्तूंचं हे असंच असतं. लिपस्टिक आपण हौसेने घेतो, बेस मात्र आधीचा टिकला नाही म्हणून घेतो. मग एकाचे दोन होतात, दोनाचे चार.

ज्यांना बेस म्हणजे काय हे ठाऊक नाही (बहुतेक पुरुष वाचक आणि आमच्या मातोश्री) त्यांच्यासाठी थोडक्यात: आयशॅडो म्हणजे रंगीत पावडर. कोरड्या पापणीवर ती नीट धरत नाही, आणि तेलकट पापणीवर धरली तरी दोन-तीन तासांत घडीत जाऊन बसते. पापणी उघडल्यावर जिथे दुमडते, तिथे एक जाड रेघ होते आणि बाकीची पापणी उघडी पडते. हे होऊ नये म्हणून आधी एक पातळ क्रीमचा थर द्यायचा, त्यावर पावडर. झालं. एवढंच.

आता एवढ्याशा गोष्टीवर वीकेंडची पोस्ट का, तर त्याला कारण आहे. मे 2024 मध्ये आमच्या घरात लग्न होतं, कुर्डुवाडीत. थोरल्या काकूच्या मुलाचं. पुण्याच्या एसी ऑफिसात काहीही टिकतं हो, तिथे कुठल्याही बेसची परीक्षा होत नाही. कुर्डुवाडीचा मे महिना ही खरी प्रॉडक्शन एन्व्हायर्न्मेंट. पारा बेचाळीसला टेकलेला, हवा कोरडी ठणठणीत, कार्यालयात दोन कूलर आणि तेही नवऱ्याकडच्या पुरुषमंडळींनी अडवलेले. त्यामुळे लग्नाच्या तयारीसाठी एप्रिलमध्ये दर शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्माने गावी जात होते तेव्हा पर्समध्ये हे सगळं घेऊन गेले आणि लागोपाठ तीन वीकेंड टेस्टिंग केलं.

टेस्टिंगची पद्धत अशी. देवाने दोन डोळे दिलेत म्हणजे फुकटात ए/बी टेस्टिंग. डाव्या पापणीवर एक बेस, उजव्यावर दुसरा, वर दोन्हीकडे तीच तपकिरी मॅट शॅडो, तोच ब्रश. सकाळी नऊला लावायचं. मग बारा, तीन आणि सहाला त्याच खिडकीत उभं राहून फोटो. मनगटावर लावून बघण्याला काही अर्थ नाही. मनगटाला घडी नसते, आणि ते मिचकतही नाही. माणूस मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो असं धरलं तरी नऊ तासांत आठ हजारांवर उघडझाप झाली. एखाद्या बिजागरीला दिवसाला आठ हजार वेळा हलवा आणि मग त्यावरचा रंग टिकतो का बघा.

घरच्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, दुसऱ्या दिवशी हसले, तिसऱ्या दिवशी सोडून दिलं. फक्त काकू बघत राहिली. ते पुढे येतंच आहे.

आधी निकाल. (ज्या गोष्टी फसल्या त्यांची नावं देत नाही. पापणी माझी, ऊन कुर्डुवाडीचं. तुमच्याकडे कदाचित तीच वस्तू सोन्यासारखी वागेल.)

सहा बेसच्या आधी दोन घरगुती उपाय तपासले, कारण ते सगळेच सांगतात. पहिला, पेट्रोलियम जेली. सकाळी नऊला सुंदर, साडेदहाला संपलं. ती अंगाच्या उबेनेच पातळ व्हायला लागते, मेमध्ये तर विचारूच नका. दुसरा उपाय, कन्सीलर. हा जरा बरा, दुपारी बारापर्यंत तग धरली. पण कन्सीलर मुळात मऊ राहावा, त्वचेबरोबर हलावा असा बनवलेला असतो, आणि पापणीवर आपल्याला नेमकं उलट हवं असतं.

मग जाड पांढरी पेन्सिल. अशा पेन्सिलीवर रंग काय खुलतो! मोरपंखी लावलात तर खरंच मोरपंखी दिसतो, कारण खाली पांढरा कॅनव्हास मिळतो. पण माझ्याकडची तीनच्या फोटोत घडीत गोळा झालेली होती. ब्राँझ रंगाची क्रीम शॅडोची एक काचेची डबी आहे, ती बेस म्हणून अगदीच सामान्य निघाली. एकटी लावली तर मात्र झकास. तिला मी आता बेसच्या यादीतून काढलंय, तेव्हा तांत्रिकदृष्ट्या पाचच उरले. :)

उरलेल्यांत दोन नळ्या आणि दोन डब्या. डब्या मॅकच्या पेंट पॉटच्या, एक पेंटर्ली आणि एक सॉफ्ट ओकर. या दोघींची तुलना नेटवर इतक्या जणींनी केलीय की मी काय नवीन सांगणार. पेंटर्ली गुलाबीकडे झुकणारी बेज, सॉफ्ट ओकर पिवळसर. आपल्याकडे बहुतेकींच्या पापण्या गालांपेक्षा एक-दोन छटा गडद असतात, त्यात जांभळट झाक असते, आणि जांभळटाला पिवळा मारतो. त्यामुळे माझ्यासाठी सॉफ्ट ओकर. गोऱ्या, गुलाबी वर्णाच्या मैत्रिणीला पेंटर्ली शोभेल. टिकण्याच्या बाबतीत दोघी बहिणीच, सहा वाजताही जागच्या जागी. फक्त एक आहे, यांना वेळ देता येत नाही. लावलं की लगेच पसरवायचं, अर्ध्या मिनिटात ते बसतं आणि नंतर हलवायला गेलात की चट्टे पडतात. कुर्डुवाडीच्या हवेत तर त्याहून लवकर. एक डोळा पूर्ण करावा, मग दुसऱ्याला हात लावावा.

असं का होतं हे समजायला खोक्याची मागची बाजू वाचली. (डॉक्युमेंटेशन कोणी वाचत नाही, पण सगळं तिथेच असतं.) आयसोडोडेकेन, सायक्लोपेंटासिलोक्सेन असली जी नावं असतात ना, ती उडून जाणारी द्रवं. पसरवण्यापुरती थांबतात, मग हवेत जातात आणि मागे रंगाची, मेणाची आणि सिलिकोनची पातळ पापुद्र्यासारखी फिल्म राहते. म्हणूनच असल्या डब्यांचं झाकण सैल राहिलं की आतला माल आक्रसून दगड होतो. नळीतल्या प्रायमरचं तत्त्व तेच, फक्त तो जास्त पातळ असतो आणि हवा कमी लागते.

नळीवरून आठवलं. अर्बन डिकेचं प्रायमर पोशन पूर्वी अल्लाउद्दीनच्या दिव्यासारख्या वळणदार बाटलीत यायचं. दिसायला देखणी, पण आतली कांडी त्या वळणांत पोचायचीच नाही आणि कितीतरी माल आत अडकून राहायचा. बायका चक्क बाटल्या कापून उरलेलं खरवडून काढायच्या, त्याच्या रीती एकमेकींना सांगायच्या. शेवटी कंपनीने साधी पिळायची नळी आणली. यूजर इंटरफेस सुंदर, वापरण्यायोग्यता शून्य, आणि शेवटी यूजरचा विजय. आमच्या धंद्यात हे इतक्या लवकर होत नाही. असो.

तर दुसऱ्या शनिवारची गोष्ट. मी खिडकीत बसून नळीतून मुगाच्या डाळीएवढा प्रायमर बोटावर घेतला होता. काकू शेजारी पापडाच्या लाट्या करत होती.

"काय लावायलीस गं ते?"

मी आपलं सांगितलं, पावडर चिकटून राहावी म्हणून खाली हे लावायचं, नाहीतर ती पसरते.

"म्हणजे मेणच की!"

मला एक सेकंद कळलं नाही. मग एकदम ट्यूब पेटली. (प्रायमरची नव्हे.)

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. टिकलीची पाकिटं येण्याआधी आपल्याकडे कुंकू लावायची रीत अशी होती: फणेरपेटीत किंवा करंड्यात एक मेणाची डबी असायची. बोटाच्या टोकाने थोडं मेण घ्यायचं, कपाळावर गोल फिरवायचं, त्यावर कोरडं कुंकू किंवा पिंजर दाबायचं आणि कडेचं उरलंसुरलं पदराच्या टोकाने पुसून घ्यायचं. गोल एकदम कोरीव. मेण घट्ट असेल तर त्यात दोन थेंब खोबरेल घालून ते बेतात मऊ करायचं. दिवसभर चुलीपुढे बसून, उन्हात पाणी भरून ते कुंकू हलायचं नाही. क्रीम बेस, वर पिगमेंट, मग कडा साफ करणं. आज जे काचेच्या डबीत मिळतं ते माझ्या पणजीच्या पेटीत होतं आणि त्यासाठी तिने कुठलाही रिव्ह्यू वाचला नव्हता.

आणि कुंकूही काही साधी पावडर नव्हे. मूळ कुंकू हळदीचं. हळदीला चुन्यासारखं क्षारयुक्त काही लागलं की ती लाल होते, त्यावरच ते बनायचं. आमच्याकडून पंढरपूर पन्नासेक किलोमीटर, कुंकू-बुक्क्याची पेठच ती, तेव्हा घरात कुंकू कधी कमी पडलं नाही. पुढे बाजारात कृत्रिम रंगांचं कुंकू आलं, मग गंधाच्या बाटल्या आल्या आणि मग चिकट टिकल्या. टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनामुळे काही बायकांच्या कपाळावर पांढरा डाग पडतो, हे त्वचेच्या डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. मेण आणि हळदीच्या कुंकवाचं तसं नव्हतं.

काकूला मी विचारलं, थापलं तर काय व्हायचं? ती म्हणाली, "थापलं की घामाबरोबर ओघळतंय. मेण दिसलं नाही पायजे, नुसतं लागलं पायजे. घासायचं तर अजिबात नाही, दाबायचं." मग जरा थांबून म्हणाली, "तुझे काका ग्रीसचं असंच सांगायचे. पुसून घेतल्यावर जेवढं राहतं तेवढंच कामाचं."

काका रेल्वेच्या वर्कशॉपात होते. कुर्डुवाडीचं वर्कशॉप म्हणजे बार्शी लाइटच्या नॅरोगेजसाठी उभं राहिलेलं. ती लाइन 1897 साली सुरू झाली तेव्हा आमच्या स्टेशनचं नाव बार्शी रोड होतं. नॅरोगेज गेली, गाव मात्र अजून रेल्वेच्या वेळापत्रकावर उठतं-बसतं. काका 2021 च्या एप्रिलमध्ये गेले, कोविडच्या दुसऱ्या लाटेत. त्या दिवसापासून काकूचं कपाळ मोकळं आहे. मेणाची डबी तिच्या पेटीत आहे, मी पाहिलीय. ती फेकलेली नाही आणि वापरातही नाही.

आता लग्नाचा प्रश्न लक्षात आला असेल. मुलगा तिचा. पण देवकाला माझे आई-बाबा बसणार, हळदीला पहिला हात माझ्या आईचा, ओवाळायला दुसऱ्या सवाष्णी. हे कोणी ठरवलं नाही, ते आधीच ठरलेलं होतं. आम्ही भावंडांनी बरीच चर्चा केली. हेरवाडचं उदाहरण दिलं. कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या या गावाच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. पुढे त्याच महिन्यात राज्य सरकारनेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. माझ्या भावाने मोबाईलवर बातमी काढून काकूला वाचून दाखवली. काकूने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हेरवाडला ठराव झाला म्हणून माझ्या मनात ठराव होतो का रे?"

यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. मला अजूनही वाटतं, तिने मुलाच्या लग्नात पुढे उभं राहायला हवं होतं. पण मला वाटणं आणि तिचं कपाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिच्या वतीने बंड करायचा अधिकार मला कोणी दिला?

तर त्या शनिवारी ती माझ्या पापणीकडे बघत होती. मी सहज म्हटलं, "लावू का तुला? डोळ्यांना?"

"मला? काहीतरीच. लोक काय म्हणतील."

"कुंकवाचं ठीक आहे. पापणीला रंग लावू नये असं कुठे आहे का गं?"

ती विचारात पडली. खरंच शोधत होती, चाळीस वर्षांत ऐकलेल्या सगळ्या रीतीभातींत. मग हसली. "तसं काही ऐकलं नाही बाई. तेव्हा हे होतंच कुठं, नाही म्हणायला?"

बसली की नाही त्रुटी सिस्टीममध्ये! रूलबुकात पापणीची नोंदच नाही. :)

इथून पुढे माझं सगळं टेस्टिंग नव्याने सुरू झालं, कारण रिक्वायरमेंट बदलली. माझ्या तेलकट, पस्तिशीच्या पापणीसाठी जो बेस पहिला आला, तो बासष्ट वर्षांच्या पापणीवर चालेलच असं नाही. तिची कातडी पातळ, कोरडी, बारीक सुरकुत्यांची. शिवाय मागच्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून आधी तिच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून घेतलं. त्यांनी हो म्हटल्यावर पुढच्या आठवड्यात पुण्याहून तिच्यासाठी वेगळी कोरी नळी घेऊन गेले. बोट घातलेली डबी दुसऱ्याच्या डोळ्याजवळ न्यायची नाही, हा नियम मात्र रूलबुकात आहे आणि तो मोडू नये.

पेंट पॉट तिच्या एका पापणीवर लावून पाहिला (डबीतून स्वच्छ चमच्याच्या मागच्या टोकाने काढून). पटकन सुकणारी कुठलीही फिल्म सुरकुत्यांवर बसली की त्या आणखी उठून दिसतात, तसंच झालं. पांढरी पेन्सिल बादच. इथे मला पहिल्यांदा नीट समजलं की बेसची दोन घराणी आहेत. एक सुकणारं, दुसरं चिकट राहणारं. सुकणारं टिकतं, पण चेहऱ्याबरोबर हलत नाही. चिकट राहणारं रंग छान धरतं, पण घडीत सरकतं. मेण दुसऱ्या घराण्यातलं. मधमाश्यांचं मेण वितळायला साठाच्या वर अंश लागतात, त्यामुळे उन्हाने ते पातळ होत नाही. आणि कपाळाला घडी नाही, म्हणून चिकटपणाचा तोटाही नाही. कपाळावर मेण हेच बरोबर. पापणीवर नको.

काकूसाठी जमलं ते असं: नळीतला प्रायमर तांदळाच्या कणीएवढा, दोन्ही डोळ्यांना मिळून. करंगळीशेजारच्या बोटावर घेऊन आधी ऊब द्यायची, मग थापट्या मारत लावायचा. ओढायचं नाही. मिनिटभर डोळे मिटून बसायचं. वर तिच्या कातडीहून जेमतेम एक छटा गडद असा मॅट तपकिरी, ब्रशने दाबून. चकाकी अजिबात नको, ती सुरकुत्यांत जाऊन बसते. हे सगळं मी करत होते, आणि "दाब, घासू नको" हे मला ती सांगत होती.

आणि एक रिक्वायरमेंट कोणी लिहून दिली नव्हती, पण उघड होती. ती रडणार होती. त्यामुळे तिसऱ्या रविवारी पाण्याची टेस्टही घेतली. ड्रॉपरने पापणीच्या कडेला पाणी सोडून, रुमालाने टिपून. टिपलं तर रंग राहतो, पुसलं तर जातो. काकूला दोन वेळा बजावलं, पदराने पुसू नकोस, टिप.

लग्न दुपारच्या मुहूर्ताचं होतं. सकाळी आठला मी तिच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. दहा मिनिटांचं काम. तिने हातआरसा घेतला, लांब धरला, जवळ धरला. काही बोलली नाही. मोतिया रंगाची इरकल नेसली आणि बाहेर गेली. देवकाला आई-बाबाच बसले. मंगलाष्टकांच्या वेळी काकू दुसऱ्या रांगेत खांबाला टेकून उभी होती, तिथूनच अक्षता टाकत होती. मी पुढून वळून बघितलं तेव्हा ती रुमालाने डोळे टिपत होती. टिपत होती!

संध्याकाळी सहाला, सवयीने, मी तिला खिडकीत उभं करून फोटो काढला. डावी पापणी जशीच्या तशी. उजव्या बाहेरच्या कोपऱ्यात थोडा रंग गेलेला. सून गृहप्रवेशाला आली तेव्हा पदर वापरला म्हणे. बेचाळीस अंश, दहा तास आणि एक लग्न एवढ्यावर हा निकाल मी पास धरते.

दिवसभरात कोणाच्या लक्षात आलं असेल तर एकाच बाईच्या. माढ्याच्या एक मावशी, गावभरच्या बातम्या ज्यांच्याकडे असतात अशा, जेवणाच्या पंगतीत काकूकडे निरखून बघत म्हणाल्या, "वहिनी, आज चेहरा कसा टवटवीत दिसतोय. झोप झाली वाटतं चांगली."

"झाली की," काकू म्हणाली आणि त्यांना जिलबी वाढली.

रात्री काढायचं कसं हे मी तिला शिकवायला गेले तर ती आधीच कापसावर खोबरेल घेऊन बसली होती. मेणाला तेल लागतं, हे तिला मी काय सांगणार. त्यानंतरच्या दिवाळीला ती नळी तिने परत मागितली, तुळशीच्या लग्नाला पुन्हा. परवा फोनवर जेवलीस का, पाऊस आहे का, हे सगळं झाल्यावर हळूच म्हणाली, "ते मेण संपत आलंय गं माझं. तुझ्या त्या नळीतलं."

तोच प्रायमर, तीच शेड. मागवून ठेवलाय. शुक्रवारच्या हुतात्माचं तिकीट मात्र अजून वेटिंगवर आहे.